न शोधता सापडलेली गाठ



 वैद्यकातला विषय सामान्य श्रोत्याला कळेल अशा भाषेत मांडावा, ही या व्याख्यानमालेची रीत आहे. ती पाळून आज मी ऑपरेशन थिएटरमधल्या एकाच प्रसंगाबद्दल बोलणार आहे.

समजा, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी एक बाई टेबलावर आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, दहा वर्षांचा मधुमेह, जिना चढताना गुडघे धरतात, रात्री झोपेत श्वास अडकतो. भूल दिलेली आहे. दुर्बीण पोटात गेली, यकृताचा डावा भाग वर उचलला, जठर समोर आलं. आणि जठराच्या पुढच्या भिंतीवर, बाहेरच्या अंगाने, दीड-दोन सेंटिमीटरची गुळगुळीत, पांढुरकी गाठ दिसली. महिन्यापूर्वी एंडोस्कोपी झाली होती, तिचा रिपोर्ट नॉर्मल होता. बाईंना विचारता येत नाही. बाहेर बाकावर नवरा आणि भाऊ बसलेले आहेत. आता पुढे काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर टेबलाशी उभं राहून शोधायचं नसतं. ते आदल्या आठवड्यात, ओपीडीत, बाईंच्या समोर बसून ठरवायचं असतं. ही गाठ रुग्णाच्या ध्यानीमनी नसते, पण सर्जनच्या मनात ती पहिल्या दिवसापासून असायलाच हवी. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, मात्र त्याची कारणं सांगायला वेळ लागेल.

वजनासाठी जठरावर शस्त्रक्रिया करण्याची सुरुवात १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी केली. त्यांची ती बायपास शस्त्रक्रिया. आज आपल्याकडे दोन प्रकार मुख्यतः होतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा बाहेरचा फुगीर भाग, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश जठर, स्टेपलरने कापून शरीराबाहेर काढतात आणि आत एक अरुंद नळी उरते. दुसरा बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाशी एक छोटी पिशवी करून तिला आतडं जोडतात. उरलेलं मोठं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न तिकडे जात नाही. हा फरक कृपया लक्षात ठेवा. स्लीव्हमध्ये काढलेलं जठर हातात येतं, बायपासमध्ये ते आत राहतं आणि नेहमीच्या एंडोस्कोपीने पुन्हा तिथे पोहोचता येत नाही. सापडलेल्या गाठीचा निर्णय पुष्कळदा याच एका गोष्टीवर फिरतो.

या शस्त्रक्रिया आता वाढत जाणार. २०२२ साली या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी नवे निकष जाहीर केले. त्यांनुसार ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं मोजमाप, ३५ किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना इतर आजार असोत वा नसोत, शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो. आशियाई लोकांसाठी ही रेघ २७.५ वर आणली आहे, कारण आपल्याला मधुमेह कमी वजनावरच गाठतो. म्हणजे एरवी आयुष्यात कधी कोणी ज्यांचं जठर बाहेरून पाहिलं नसतं, अशा हजारो माणसांच्या जठरावर आता दुर्बीण फिरणार आहे. आणि दुर्बीण फिरली की जे असेल ते दिसणार.

या शस्त्रक्रियेला येणारी माणसं कोण असतात, तेही सांगायला हवं. वर्षानुवर्षं ‘तोंडावर ताबा ठेव’ हे ऐकलेली माणसं. लग्नसमारंभात ताटाकडे रोखलेल्या नजरा सोसलेली. शस्त्रक्रियेचा निर्णय त्यांनी घरच्यांच्या विरोधात, अनेकदा चोरून पैसे जमवून घेतलेला असतो. अशा माणसाला शुद्धीवर आल्यावर ‘तुमच्या जठरात एक गाठ निघाली’ असं सांगणं ही लहान गोष्ट नाही. ‘वजन कमी करायला गेली आणि कॅन्सर निघाला’ ही बातमी आपल्या गावांत संध्याकाळपर्यंत पसरते. म्हणून त्या गाठीचं खरं स्वरूप सगळ्यांना माहीत असणं गरजेचं आहे.

अशा वेळी जठराच्या भिंतीत सापडणाऱ्या गाठींत सर्वांत महत्त्वाची गाठ ‘जिस्ट’ नावाची. आपण ज्याला जठराचा कॅन्सर म्हणतो तो जठराच्या आतल्या अस्तरातून उगवतो, अस्तराला जखम करतो, लसीकाग्रंथींत शिरतो. जिस्टची वाट वेगळी आहे. ती भिंतीच्या स्नायूच्या थरात जन्मते आणि पुष्कळदा बाहेरच्या बाजूला वाढते. अस्तर शाबूत राहतं, म्हणून आतून पाहणाऱ्या एंडोस्कोपीला ती दिसत नाही. आपल्या बाईंचा रिपोर्ट चुकीचा नव्हता. दारातून घराची आतली बाजू पाहिली तर मागच्या भिंतीवर बाहेरून काय चढलं आहे ते कसं कळणार?

या गाठीचं मूळ ज्या पेशींत आहे त्यांची ओळख मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. सान्तियागो रामोन इ काहाल हे स्पॅनिश शास्त्रज्ञ. मज्जासंस्थेच्या रचनेवरच्या कामासाठी १९०६ साली त्यांना गॉल्जी यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. आतड्याच्या भिंतीत, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मध्ये, त्यांना काही फाटे फुटलेल्या बारीक पेशी दिसल्या. त्या कशासाठी आहेत हे कळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. जठराचं आकुंचन मिनिटाला साधारण तीन लाटांच्या ठेक्यात चालतं, आणि तो ठेका या काहाल पेशी धरतात. या पेशींच्या, किंवा त्यांच्या पूर्वज पेशींच्या, ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड झाला की वाढीचा संदेश बंदच होत नाही आणि गाठ तयार होते. हे १९९८ साली ओसाकातल्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. त्याआधी या गाठी स्नायूंच्या गाठी म्हणून नोंदल्या जात. अजूनही जुन्या फायलींत तशी नावं सापडतात.

जिस्टमुळे त्रास होऊन डॉक्टरकडे येणारे रुग्ण थोडे. दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण दहा-पंधरा. पण वजनाच्या शस्त्रक्रियांचे जे अहवाल जगभरच्या रुग्णालयांनी छापले आहेत, त्यांत हे प्रमाण हजारात तीनपासून दहापर्यंत येतं. वर्षाला दोन-तीनशे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला ही गाठ वर्षा-दोन वर्षांत भेटणारच. मग तिची तयारी न ठेवण्याला काय कारण उरतं?

दोन आकड्यांत एवढी तफावत का, याचं उत्तर रुग्णाला धीर देणारं आहे. २००६ साली जपानमध्ये दुसऱ्या कारणासाठी, म्हणजे जठराच्या नेहमीच्या कॅन्सरसाठी, काढलेली शंभर जठरं बारकाईने चिरून तपासली. त्यांतल्या पस्तीस जठरांत सूक्ष्म जिस्ट सापडल्या. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या अभ्यासात पन्नाशी उलटलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात दर पाच जणांमागे एकाहून थोड्या जास्त जणांत अशा बारीक गाठी दिसल्या. ती माणसं त्या गाठींनी गेली नव्हती. आपल्या पोटात असं काही आहे, हे त्यांना कधी कळलंही नव्हतं. अशा बहुतेक गाठी काही मिलिमीटरवर थांबतात, काही आपोआप आक्रसतात. थोड्याच वाढतात. कोणती वाढेल हे टेबलावर नुसतं पाहून कोणालाच सांगता येत नाही.

म्हणूनच ‘ऑपरेशन केलं म्हणून कॅन्सर वेळेत सापडला, नाहीतर गेलाच होता’ असं मोठेपणाने सांगणाऱ्या डॉक्टरांशी मी सहमत नाही. रुग्णाला ते ऐकायला बरं वाटतं, डॉक्टरलाही. पण एक सेंटिमीटरच्या गाठीबाबत असं म्हणायला आपल्याजवळ पुरावा नाही. उलट टोकाचं वागणंही मी पाहिलं आहे: गाठ लहान होती, निघून गेली, आता बाईंना कशाला सांगायचं? हे पहिल्यापेक्षा वाईट. शरीर त्यांचं आहे.

आता हाताच्या कामाकडे वळतो. पहिलं काम बघण्याचं. दुर्बीण आत गेल्यावर लगेच स्टेपलर मागवायचा नाही. आधी यकृताचा पृष्ठभाग, पोटाचं आवरण, आतडी आणि जठराची पुढची बाजू पाहायची. मागची बाजू पाहायला जठराच्या मागचा कप्पा उघडावा लागतो. स्लीव्हमध्ये तो उघडतोच, पण बायपासमध्ये लहानशा खिडकीतून काम भागतं, आणि घाई असेल तर मागची भिंत तशीच न पाहता राहते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी सांगतो, दोन मिनिटं जास्त द्या. बायपासनंतर त्या जठराशी पुन्हा सहज भेट होणार नाही.

दुसरं काम हात आवरण्याचं. जिस्टवर स्वतःचं पक्कं कवच नसतं, नुसती पातळ साल असते. चिमट्याने धरून ओढली तर ती फुटते आणि पेशी पोटभर सांडतात. फुटलेली जिस्ट पुढे पोटाच्या आवरणात पुन्हा उगवण्याचा धोका इतका वाढतो की गाठ लहान असली तरी रुग्ण जास्त धोक्याच्या गटात जातो. त्यामुळे गाठ धरायची नाही. तिच्या भोवतालची निरोगी भिंत धरायची. साल सोलून गाठ मोकळी करायची नाही, तर भोवतीच्या थोड्या भिंतीसकट पाचरीसारखा तुकडा स्टेपलरने कापायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि पिशवीतूनच बाहेर काढायचा. ‘तुकडा घेऊन बघू’ म्हणून टेबलावरच गाठीत सुई किंवा चिमटा घालण्याचा मोह होतो, तो याच कारणासाठी टाळायचा. ऑपरेशन चालू असताना गोठवून केलेल्या तपासणीवरही फार भिस्त ठेवता येत नाही. पेशी लांबट आहेत एवढं ती सांगेल, पण धोका ठरवण्यासाठी लागणारी पेशीविभाजनाची मोजणी घाईत होत नाही.

लसीकाग्रंथी काढायची गरज सहसा पडत नाही, कारण जिस्ट त्या वाटेने क्वचितच जाते. चारी बाजूंनी बोट-बोटभर निरोगी जठर काढण्याचा हट्टही नको. गाठ शाबूत निघाली आणि कडा स्वच्छ असल्या की काम झालं. जठराच्या नेहमीच्या कॅन्सरची सवय असलेल्या सर्जनला हे सुरुवातीला अपुरं वाटतं. त्या सवयीपायी कुणाचं जठर उगाच जास्त कापलं जाऊ नये.

पुढचा प्रश्न जागेचा, आणि खरी कसोटी इथेच लागते. गाठ जठराच्या बाहेरच्या फुगीर कडेवर किंवा वरच्या घुमटात असेल आणि शस्त्रक्रिया स्लीव्हची असेल, तर नशीब चांगलं. तो भाग नाहीतरी निघणारच होता. स्टेपलरची रेघ गाठीपासून पुरेशी दूर पडते आहे ना, एवढं पाहायचं. आपल्या बाईंची गाठ पुढच्या भिंतीवर आहे. ती बाहेरच्या कडेकडे झुकलेली असेल तर स्लीव्हमध्येच सामावेल. आतल्या, आखूड कडेकडे असेल तर अडचण. तिथे पाचर कापली आणि वर स्लीव्हही केली, तर जठराच्या वळणाशी नळी इतकी चिंचोळी होते की पाणी उतरणंही अवघड. अशा वेळी गाठ काढावी आणि वजनाची शस्त्रक्रिया नंतर, वेगळा बेत आखून करावी. किंवा बाईंची आधीच संमती असेल तर बायपासकडे वळावं.

अन्ननलिका आणि जठर जिथे मिळतात त्या तोंडाशी गाठ असेल तर मी हात लावणार नाही. तिथे घाईने कापलं तर झडप जाते आणि माणूस जन्मभर आंबट पाण्याने बेजार होतो. दुर्बीण बाहेर काढावी, जखमा शिवाव्यात, बाईंना उठवावं. नंतर एंडोस्कोपीच्या टोकाशी सोनोग्राफी असलेल्या यंत्राने आतून नमुना घेता येतो. गरज पडली तर एका गोळीने (तिच्याबद्दल पुढे सांगतो) गाठ लहान करून मग छोटी शस्त्रक्रिया करता येते. जठराच्या शेवटच्या टोकाशी, आतड्याच्या दाराजवळ गाठ असेल आणि बेत बायपासचा असेल, तर ती तशीच मागे ठेवून बायपास पुरा करणं मला मान्य नाही. ते जठर पुढे एंडोस्कोपीच्या आवाक्याबाहेर जाणार आहे. एक तर तो भाग काढा, नाहीतर बायपास करू नका. आणि गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल, आसपास चिकटलेली असेल, यकृतावर किंवा आवरणावर ठिपके दिसत असतील, तर त्या दिवशी वजनाचा विषय संपला. आधी गाठीचा पूर्ण तपास.

प्रत्येक गाठ जिस्टच असते असंही नाही. स्नायूची साधी गाठ असते, मज्जातंतूच्या आवरणाची असते, कधी स्वादुपिंडाचा एखादा कण जन्मापासून जठराच्या भिंतीत रुतून बसलेला असतो. क्वचित अस्तरातला खरा कॅन्सर निघतो. भिंत जाड, आखडलेली, ग्रंथी वाढलेल्या असं दिसलं तर तिथेच थांबायचं. अर्धवट केलेली स्लीव्ह पुढच्या कॅन्सर-शस्त्रक्रियेची वाट अडवते.

ऑपरेशन पुरं न करता रुग्णाला उठवणं हे सर्जनला जड जातं. थिएटरचं भाडं लागलेलं असतं, स्टेपलर उघडलेले असतात, नातेवाईक विचारणार असतात, ‘मग पैसे कशाचे घेतले?’ आपल्याकडच्या खासगी रुग्णालयांत हा दबाव खरा आहे आणि त्यावर सर्जनने एकट्याने मात करावी ही अपेक्षा फार होते. गाठ सापडून शस्त्रक्रिया थांबवावी लागली तर बिल कसं होईल, हेही आधीच कागदावर ठरलेलं असावं. त्या क्षणी पैशाचा विचार ज्याला करावा लागत नाही त्याचा निर्णय जास्त चांगला होतो.

आता संमतीकडे येतो. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका खटल्याचा निकाल दिला. एक अविवाहित स्त्री फक्त तपासणीच्या दुर्बिणीसाठी भुलीखाली होती. आत आजार दिसला. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व बीजांडकोश काढले. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. सज्ञान व्यक्ती तात्पुरती बेशुद्ध आहे म्हणून तिच्या वतीने आईची संमती चालणार नाही. जीव वाचवण्यासाठी किंवा प्रकृती जपण्यासाठी तातडीने करणं भाग असेल, रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणं अयोग्य ठरेल, तेव्हाच त्याला अपवाद. आणि याच निकालात वाटही दाखवलेली आहे: शस्त्रक्रियेच्या ओघात जी जादा प्रक्रिया लागू शकते तिची संमती मूळ संमतीबरोबरच घेता येते.

दोन सेंटिमीटरची जिस्ट तातडीची नाही. ती आठवडाभर थांबू शकते, महिनाभरही. म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला थिएटरच्या दारात बोलावून, हिरव्या गाऊनमध्ये, दोन वाक्यांत सांगून ‘करा साहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते’ हे मिळवणं कायद्याने पुरेसं नाही, आणि माणुसकीनेही नाही. नवऱ्याला कळवायचं ते जरूर कळवावं. पण बाईंच्या जठराचा निर्णय बाईंनी आधीच केलेला असावा.

तो कसा? ओपीडीत, शांतपणे, पाच मिनिटांत. “ताई, पोटात दुर्बीण घातल्यावर कधी कधी जठरावर लहान गाठ दिसते. शंभरात एखाद्याला, त्याहूनही कमी जणांना. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते, पण काढून तपासणं बरं. तशी दिसली आणि सहज निघण्यासारखी असली तर मी काढू का? त्यामुळे ठरलेली शस्त्रक्रिया बदलावी किंवा थांबवावी लागली तर तुम्हाला चालेल का? बदलायची तर कुठवर?” काही बायका म्हणतात, काढा. काही म्हणतात, गाठ काढा पण बायपास नको, मला त्याचा अभ्यास करू दे. एखादी म्हणते, काहीच करू नका, आधी मला उठवा. तिन्ही उत्तरं योग्य आहेत. ती छापील फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत हरवू नयेत. रुग्णाच्या भाषेत, हाताने लिहून ठेवावीत. घाबरवतो आहोत असं काही सहकाऱ्यांना वाटतं. माझा अनुभव उलट आहे. ज्यांना आधी सांगितलेलं असतं, त्या शुद्धीवर आल्यावर स्वतःच विचारतात, “काही सापडलं का?”

शस्त्रक्रियेनंतरचं सांगणंही नीट व्हावं. भूल पुरती उतरण्याआधी नाही, राउंडच्या गर्दीत नाही, आणि आधी नातेवाइकांना, मग रुग्णाला असंही नाही. आपल्याकडे भाऊ किंवा मुलगा हळूच बाजूला घेऊन म्हणतो, “डॉक्टर, आईला सांगू नका, खचेल ती.” त्याची माया खरी असते. त्याला जवळ बसवून सांगावं, आपण दोघं मिळून सांगू.

स्लीव्हमध्ये बाहेर आलेलं जठर तपासणीला पाठवायचं की नाही, यावर वाद आहे. बहुतेकांत फक्त साधी सूज निघते, खर्च रुग्णाच्या माथी पडतो, म्हणून निवडक पाठवावं असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. बाहेरून न दिसलेल्या काही गाठी तिथेच, पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर सापडतात. हेलिकोबॅक्टर जंतू, अस्तरातले बदल, ज्यांच्यावर पुढे लक्ष ठेवायला हवं अशा गोष्टीही तिथेच कळतात. प्रत्येक जठर पाठवावं. निदान थिएटरमध्ये ते उघडून, धुऊन, बोटांनी चाचपून पाहिल्याशिवाय कोणी टाकू तरी नये.

गाठीचा रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि ते दिवस फार लांब वाटतात. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी पाहायच्या: गाठ कुठली, केवढी, आणि ठरावीक क्षेत्रात किती पेशी विभाजन पावताना दिसतात. अमेरिकेच्या सैन्यदलाच्या विकृतिशास्त्र संस्थेत मिएट्टिनेन आणि लासोटा यांनी शेकडो रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन २००६ साली जे तक्ते मांडले, ते आजही वापरले जातात. जठरातली दोन सेंटिमीटरपर्यंतची, मंद वाढीची गाठ काढल्यावर पुढे उलटल्याचं त्यांना आढळलं नाही. तशीच मंद, पण दोन ते पाच सेंटिमीटरची असेल तर धोका शंभरात साधारण दोघांना. दहा सेंटिमीटरच्या वरची आणि वेगाने विभागणारी असेल तर शंभरात पंच्याऐंशीहून अधिक जणांना. वजनाच्या शस्त्रक्रियेत सापडणाऱ्या बहुतेक गाठी पहिल्या दोन गटांत मोडतात. म्हणजे आपल्या बाईंना बहुधा कोणतंही औषध लागणार नाही.

ज्यांना लागतं त्यांच्यासाठी इमॅटिनिब आहे, आणि त्याची हकिगत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. २००० सालापर्यंत पसरलेल्या जिस्टला औषध नव्हतं; नेहमीच्या केमोथेरपीने ती हलत नसे. त्या वर्षी हेलसिंकीत एका रुग्णाला, रक्ताच्या कॅन्सरसाठी तयार होत असलेली ही गोळी देऊन पाहिली, कारण ती किटचा अडकलेला संदेशही तोडते. गाठी झपाट्याने आक्रसल्या. २००२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जिस्टसाठी परवानगीही मिळाली. पुढे २०१२ साली उत्तर युरोप आणि जर्मनीतल्या अभ्यासाने दाखवलं की जास्त धोक्याच्या रुग्णांनी शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाऐवजी तीन वर्षं गोळी घेतली तर पाच वर्षांनी शंभरातले ब्याण्णव हयात असतात, एक वर्षवाल्यांत ब्याऐंशी.

आपल्याकडे ही गोळी सामान्य माणसाला परवडते यामागे एक लढा आहे. ही गोळी बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीच्या पेटंट अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारण्याचा निर्णय कायम झाला. तेव्हा कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार. या फरकामुळे कित्येक घरांची जमीन विकायची वाचली.

पण वजनाच्या शस्त्रक्रियेशी या गोळीचा एक सांधा आहे, तो विसरला जातो. जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांत इमॅटिनिबची रक्तातली पातळी कमी राहते, असं कोरियातल्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणून पुढे गोळी लागण्याची शक्यता जिथे खरोखर आहे, तिथे वजनाची कोणती शस्त्रक्रिया निवडायची हा प्रश्न कॅन्सरतज्ज्ञाला विचारूनच सोडवावा. गाठीची जनुकीय तपासणीही आधी व्हावी. जठराच्या काही जिस्टमध्ये बिघाड किटमध्ये नसून पीडीजीएफआरए नावाच्या दुसऱ्या जनुकात असतो, आणि त्यातल्या एका ठरावीक बदलावर ही गोळी चालतच नाही.

शेवटी पाठपुराव्याबद्दल. एरवी कॅन्सर उलटल्याची शंका घ्यायला आपण दोन खुणा धरतो: वजन उतरणं आणि रक्त कमी होणं. या रुग्णांत दोन्ही खुणा आंधळ्या होतात. वजन तर उतरायलाच हवं असतं, सगळे अभिनंदन करत असतात. बायपासनंतर लोह आणि बी-१२ कमी पडून रक्तही उतरतं, आणि फॅमिली डॉक्टर गोळ्या वाढवून देतात. जिस्टमधून आतल्या आत रक्तस्राव होत असेल तरी चित्र हेच दिसतं. म्हणून ज्यांचा धोका अगदीच नगण्य नाही, त्यांचं सीटी स्कॅनचं वेळापत्रक वजनाच्या तपासण्यांपासून वेगळं, तारखांसकट लिहून दिलेलं असावं. आणि वजनाच्या तपासणीला येणाऱ्या आहारतज्ज्ञालाही ते माहीत असावं, कारण पहिल्या वर्षानंतर रुग्ण सर्जनपेक्षा तिलाच जास्त भेटतो.

गाठीचा काही भाग प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. पुढे कधी टाटा रुग्णालयात किंवा दुसऱ्या शहरात दाखवायची वेळ आली, तर तिथले डॉक्टर पहिल्यांदा तो ब्लॉक आणि काचपट्ट्या मागतात. जनुकीय तपासणीही त्यावरूनच होते. प्रयोगशाळा तो कायमचा ठेवत नाहीत. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली असेल आणि रिपोर्टमध्ये जिस्ट हा शब्द असेल, तर उद्याच फोन करून ब्लॉक अजून आहे का ते विचारा. असेल तर पावती देऊन तो घरी आणा, रिपोर्टच्या प्रतीसोबत कोरड्या, थंड जागी ठेवा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो कुठे आहे ते सांगून ठेवा.